३.३ व्होल्टवर मॉस्फेट तापतो आणि पंप कधी चालतो, कधी नाही : थ्रेशोल्ड व्होल्टेजचा नेमका अर्थ आणि दुरुस्ती

लक्षण साधारण असे असते. १२ व्होल्टचा छोटा पंप, एलईडीची पट्टी किंवा पाण्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ईएसपी३२ या ३.३ व्होल्टच्या कंट्रोलर बोर्डाच्या एका पिनवरून चालू-बंद करायचा असतो. मध्ये आयआरएफझेड४४एन हा एन-चॅनेल मॉस्फेट, म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधला प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, बसवलेला असतो आणि जोडणी आकृतीबरहुकूम असते. तरीही पट्टी मंद पेटते, पंप नुसता गुरगुरतो आणि मॉस्फेटला बोट लावले तर चटका बसतो. पुण्यात अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचा हंगाम आला की ही तक्रार हमखास ऐकू येते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून दुसरा नग आणून बसवला की पुष्कळदा काम होते, आणि मग आधीचा नग खराब होता असे ठरवून प्रकरण मिटवले जाते. प्रत्यक्षात दोन्ही नग चांगले असतात, दोन्ही डेटाशीटच्या (निर्मात्याच्या माहितीपत्रकाच्या) मर्यादेत असतात, आणि दोन्ही त्या जागी बसवण्यास अयोग्य असतात.

याच तक्रारीचे सर्वांत चकवणारे रूप थंडीत दिसते. गच्चीवरच्या बागेला पाणी देणारा पंप दुपारी चाचणी घेताना व्यवस्थित फिरतो, पण पहाटेच्या ठरलेल्या वेळी सुरूच होत नाही. प्रोग्राममध्ये, वायफायमध्ये, घड्याळात दोष शोधला जातो. तो तिथे सापडत नाही, कारण तो गेटवर असतो.

डेटाशीटमधली चुकीची ओळ

मॉस्फेट निवडताना बहुतेक जण डेटाशीटमध्ये ‘गेट थ्रेशोल्ड व्होल्टेज’ ही ओळ शोधतात. आयआरएफझेड४४एनसाठी तिथे किमान २ आणि कमाल ४ व्होल्ट असे आकडे आहेत. किमान आकडा पाहून ‘आपल्याकडे ३.३ व्होल्ट आहेत, म्हणजे पुरेसे आहेत’ असा हिशेब केला जातो. त्याच ओळीतला चाचणीच्या अटींचा रकाना मात्र वाचला जात नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. अट अशी आहे : ड्रेन आणि गेट एकाच व्होल्टेजवर, आणि ड्रेनमधला प्रवाह २५० मायक्रोअँपिअर. म्हणजे गेटला एवढे व्होल्टेज दिले की मॉस्फेटमधून पाव मिलिअँपिअर वाहू लागतो, इतकेच ही ओळ सांगते. आपल्याला हवे असतात २ अँपिअर, म्हणजे त्याच्या ८,००० पट. थ्रेशोल्ड व्होल्टेज हे मॉस्फेट ‘चालू’ होण्याचे व्होल्टेज नाही. तो पुरता बंद राहिनासा होतो, ती ही जागा आहे.

निवडीसाठी वाचायची ओळ दुसरीच असते. चालू अवस्थेत ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये किती रोध उरतो, ते सांगणारी ती ओळ. आयआरएफझेड४४एनसाठी हा रोध कमाल १७.५ मिलिओहम आहे आणि त्याची अट आहे गेटवर १० व्होल्ट. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेला रोध हाच. ५ व्होल्टवर किंवा ३.३ व्होल्टवर किती रोध असेल, याबद्दल त्या डेटाशीटमध्ये एकाही ओळीत हमी नाही. निर्मात्याने जे लिहिलेले नाही ते आपण गृहीत धरायचे, आणि नग तापला की दुकानदाराला बोल लावायचा, हे न्याय्य नाही.

या गैरसमजाला जुन्या आकृत्यांनीही हातभार लावला आहे. अर्डुइनो ऊनो या जुन्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनवर ५ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर आयआरएफझेड४४एन पूर्ण नसला तरी बऱ्यापैकी उघडतो आणि लहान भार, म्हणजे चालवायचे छोटे उपकरण, निभावून जातो. त्या आकृत्या वर्षानुवर्षे फिरत राहिल्या, कंट्रोलर मात्र बदलला, आणि ५ च्या जागी ३.३ आले. आयआरएफ५२० लावलेले जे तयार छोटे मॉड्यूल सर्रास मिळते, त्याचीही हीच गत आहे : त्याचाही थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट, आणि त्याच्याही रोधाची हमी १० व्होल्टवरच.

थ्रेशोल्ड म्हणजे आत नेमके काय होते

एन-चॅनेल मॉस्फेटमध्ये गेटखाली ऑक्साइडचा अतिशय पातळ, विद्युतरोधक थर असतो आणि त्याखाली पी-प्रकारचे सिलिकॉन. गेटवर धन व्होल्टेज वाढवत नेले की पृष्ठभागाजवळचे धन वाहक, म्हणजे होल, आधी दूर ढकलले जातात आणि तिथे वाहकच नसलेला पट्टा तयार होतो. व्होल्टेज आणखी वाढवले की त्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन गोळा होऊ लागतात. पृष्ठभागावरची इलेक्ट्रॉनांची घनता आत खोलवर असलेल्या होलांच्या घनतेइतकी झाली, की त्या क्षणीचे गेट व्होल्टेज म्हणजे थ्रेशोल्ड, अशी पाठ्यपुस्तकी व्याख्या आहे. ही केवळ सोयीसाठी आखलेली रेघ आहे. त्या रेघेवर कोणतीही कळ दाबली जात नाही. रेघेच्या खालीही थोडा प्रवाह असतो, आणि तो घातांकी पद्धतीने घटतो : सामान्य तापमानाला प्रवाह दहापट कमी करण्यासाठी गेट व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्ट तरी उतरवावे लागते.

रेघेच्या वर, मॉस्फेट जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ देईल हे ढोबळमानाने ‘गेट व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड’ या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते. दोन नगांचे रहस्य या एका वाक्यात आहे. एका नगाचा थ्रेशोल्ड २.६ व्होल्ट असेल तर ३.३ व्होल्टवर फरक उरतो ०.७. दुसऱ्याचा ३.२ असेल तर फरक फक्त ०.१. फरकांचे गुणोत्तर सात, वर्गाचे एकोणपन्नास. एकाच पिशवीतून काढलेले, दोन्ही डेटाशीटच्या मर्यादेत बसणारे दोन नग ३.३ व्होल्टवर सुमारे ४९ पट वेगळे वागू शकतात. थ्रेशोल्ड ठरतो तो ऑक्साइडची जाडी, सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचे प्रमाण, गेटचा पदार्थ आणि ऑक्साइडमध्ये अडकलेले प्रभार यांवरून, आणि शक्तिशाली मॉस्फेटमध्ये निर्माता त्याला चांगली रुंद सूट देतो. (१९६० च्या दशकात तर ऑक्साइडमध्ये शिरलेल्या सोडियमच्या आयनांमुळे एकाच नगाचा थ्रेशोल्ड वापरता वापरता सरकत असे. त्या मानाने आपण सुखी आहोत.)

पहाटेच्या पंपाचे उत्तरही इथेच आहे. तापमान वाढले की थ्रेशोल्ड दर अंशामागे काही मिलिव्होल्टने कमी होतो. हिशेबासाठी ५ धरू. पुण्यात हिवाळ्यात पहाटे १० अंशांच्या आसपास आणि दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान असते, म्हणजे २० अंशांच्या फरकाने थ्रेशोल्ड सुमारे १०० मिलिव्होल्टने हलतो. गेटवर १० व्होल्ट असते तर हा बदल कोणाच्या लक्षातही आला नसता. पण दुपारी थ्रेशोल्डच्या वर जेमतेम ०.३ व्होल्ट असतील, तर पहाटे ०.२ उरतात आणि मिळू शकणारा प्रवाह निम्म्याहूनही खाली येतो. मोटरला सुरुवातीच्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त प्रवाह लागतो, नेमका तोच मिळत नाही, आणि पंप जागचा हलत नाही. बोटाची ऊब लागल्यावर किंवा स्वतःच तापल्यावर मॉस्फेट ‘सुधारतो’, हा अनुभवही याच कारणाचा आहे.

तापण्याचा हिशेब

२ अँपिअर प्रवाह असताना ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये दीड व्होल्ट पडत असेल, तर मॉस्फेटमध्ये ३ वॅट जिरतात. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) उभ्या असलेल्या या नगाचे आतले तापमान दर वॅटमागे ६२ अंशांनी वाढते. म्हणजे ३ वॅटला १८६ अंशांची वाढ, आणि त्यात एप्रिलमधली पुण्याची हवा मिळवली तर १७५ अंशांची कमाल मर्यादा सहज ओलांडली जाते. हाच नग गेटवर १० व्होल्ट देऊन वापरला, तर २ अँपिअरला केवळ ०.०७ वॅट जिरतात आणि तापमान चार-पाच अंशांनी वाढते. म्हणून हीटसिंक लावणे हा येथे उपाय नव्हे. त्याने लक्षण झाकले जाते, आणि भाराच्या वाट्याला आलेले अपुरे व्होल्टेज तसेच राहते.

तपासणी

मल्टिमीटरने दोनच मापे घ्यावीत, पण ती भार जोडलेला आणि चालू असताना घ्यावीत. पहिले माप ड्रेन ते सोर्स. ते काही मिलिव्होल्ट ते काही दशक मिलिव्होल्ट असेल, तर मॉस्फेट पूर्ण उघडला आहे आणि दोष दुसरीकडे आहे. ते अर्धा-एक व्होल्ट किंवा त्याहून अधिक असेल, तर तो अर्धवट उघडला आहे.

दुसरे माप गेट ते सोर्स. इथे तारांचे टोक कुठे लावले जाते याला फार महत्त्व आहे. काळी तार कंट्रोलरच्या ग्राउंडवर न लावता मॉस्फेटच्या सोर्सच्या पायावरच लावावी. मॉस्फेटला ग्राउंड कळत नाही, त्याला फक्त गेट आणि सोर्स यांतला फरक कळतो. ब्रेडबोर्डच्या सैल क्लिपमध्ये आणि बारीक जंपर तारेत मिळून ०.१ ओहम रोध असला, तर २ अँपिअरला सोर्स ०.२ व्होल्टने वर उचलला जातो आणि गेटला मिळणाऱ्या ३.३ मधून तेवढे थेट वजा होतात. आधीच तुटपुंजे असलेल्या ठिकाणी ही घट पुरेशी घातक ठरते. भाराचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून नेऊच नये, सोर्सपासून अ‍ॅडॅप्टरच्या ऋण टोकापर्यंत वेगळी जाड तार जोडावी आणि कंट्रोलरचे ग्राउंड सोर्सच्या जवळ आणून मिळवावे.

गेट ते सोर्स माप १.६५ व्होल्टच्या जवळ आले, तर कारण बहुधा दोन रेझिस्टरांत आहे. गेटच्या मालिकेत १० किलोओहम आणि गेटपासून ग्राउंडला पुन्हा १० किलोओहम लावले, की दोघे मिळून व्होल्टेजचे दोन समान भाग करतात. मालिकेतला रेझिस्टर १०० ते २२० ओहम ठेवावा आणि ग्राउंडकडचा १० किलोओहम. हा खाली ओढणारा रेझिस्टर मात्र काढून टाकू नये. कंट्रोलर सुरू होताना पिन काही काळ अधांतरी असते आणि त्या वेळी गेटवर कोणतेही भटके व्होल्टेज जमू शकते.

भार सोर्सच्या बाजूला जोडलेला असेल, तर चित्र आणखी फसवे होते. एन-चॅनेल मॉस्फेटचा ड्रेन १२ व्होल्टला आणि पंप सोर्स व ग्राउंड यांच्यामध्ये असा लावला, की पंपाचे व्होल्टेज वाढेल तसा सोर्सही वर चढतो आणि गेट-सोर्स फरक आपोआप आकसतो. गेटला १२ व्होल्ट दिले तरी पंपापर्यंत गेट व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड एवढेच, म्हणजे ८-९ व्होल्टच पोहोचतात. गेट ते ग्राउंड मोजणाऱ्याला १२ व्होल्ट दिसतात आणि तो बुचकळ्यात पडतो. भार नेहमी १२ व्होल्ट आणि ड्रेन यांच्यामध्ये घ्यावा. तसे शक्य नसेल, तर पी-चॅनेल मॉस्फेट वापरावा.

हातातल्या नगाचा थ्रेशोल्ड स्वतः मोजायचा असेल, तर गेट आणि ड्रेन एकमेकांना जोडावेत, त्या जोडापासून ३३ किंवा ३६ किलोओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टकडे न्यावा, सोर्स ऋण टोकाला लावावा आणि गेट-सोर्स व्होल्टेज वाचावे. रेझिस्टरमधून साधारण पाव मिलिअँपिअर वाहतो, म्हणजे डेटाशीटमधलीच अट पुन्हा उभी राहते. १० मेगाओहमचा मल्टिमीटर त्यातले नगण्य ओढतो. मीटर लावलेला असतानाच हेअर ड्रायरची गरम हवा सोडली, तर आकडा डोळ्यांदेखत उतरताना दिसतो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना तापमानाचा परिणाम दाखवायला याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही. हाताळताना मात्र गेटला स्थिर विद्युत लागू देऊ नये, विशेषतः कोरड्या हिवाळ्यात. एवढ्याशा ऑक्साइडला ती भोक पाडू शकते, आणि मग मोजलेला थ्रेशोल्ड निरर्थक असतो. बाजारात मिळणारे छोटे ट्रान्झिस्टर टेस्टरही पडद्यावर थ्रेशोल्ड दाखवतात. तो आकडा नग जिवंत आहे की नाही, हे ताडण्यापुरता चांगला आहे. त्यावरून गेटला किती व्होल्ट द्यायचे हे ठरवू नये.

दुरुस्ती

सर्वांत सरळ उपाय म्हणजे असा मॉस्फेट घेणे, ज्याच्या डेटाशीटमध्ये चालू रोधाची हमी ३.३ व्होल्टहून कमी गेट व्होल्टेजवर दिलेली आहे. एओ३४०० हा ३० व्होल्टचा लहान नग त्यासाठी चांगला आहे. त्याच्या डेटाशीटमध्ये २.५ व्होल्टची ओळ आहे. एओ३४००ए या रूपात तो रोध कमाल ४८ मिलिओहम आहे, म्हणजे २ अँपिअरला ०.२ वॅटच्या आतच. तो सोल्डर करायला बारीक आहे, पण छोट्या अ‍ॅडॅप्टर पीसीबीवर बसवला की ब्रेडबोर्डच्या अंतराशी जुळतो. पीसीबीवर तांबे जितके जास्त, तितका तो थंड राहील. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. त्याच्या गेटची मर्यादा १२ व्होल्ट आहे, म्हणून गेट चुकूनही १२ व्होल्टच्या ओळीला जोडू नये. आणि त्याचा किमान थ्रेशोल्ड ०.६५ व्होल्ट इतका खाली असल्यामुळे थोड्याशा गोंगाटानेही तो किलकिला होऊ शकतो, तेव्हा १० किलोओहमचा रेझिस्टर इथे अनिवार्य आहे.

मोठ्या आकाराचाच नग हवा असेल, तर बहुतेक जण आयआरएलझेड४४एन सुचवतात. नावातल्या ‘एफ’ ऐवजी ‘एल’ आले की तो लॉजिक पातळीचा, ही त्या मालिकेची ओळख आहे. त्याचा थ्रेशोल्ड १ ते २ व्होल्ट आणि रोधाची हमी १० व्होल्टवर २२, ५ व्होल्टवर २५ व ४ व्होल्टवर ३५ मिलिओहम अशी आहे. लक्षात येईल की हमी ४ व्होल्टवर थांबते. ३.३ व्होल्टवर तो एक-दोन अँपिअर सहसा निभावतो, आणि डेटाशीटमधला आलेखही तसेच सुचवतो, परंतु आलेख नमुन्यादाखल नगाचा असतो, हमी नसते. टेबलावरच्या प्रकल्पाला तो चालेल. शेतात किंवा गच्चीवर महिनोन्‌महिने एकट्याने चालायच्या यंत्रणेत मी तो ३.३ व्होल्टवर थेट लावणार नाही. मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी मालिकेतील बफर आयसी, उदाहरणार्थ ७४एचसीटी१२५, घालावी. तिला ‘एक’, म्हणजे पिन चालू असल्याचा संकेत, कळण्यासाठी २ व्होल्ट पुरतात आणि ती पुढे गेटला ५ व्होल्टच्या जवळपास देते.

घरात आयआरएफझेड४४एनच पडून असतील, तर तेही वाया जात नाहीत. त्यांच्या गेटला १२ व्होल्ट मिळण्याची सोय केली की झाले. त्यांची गेट मर्यादा २० व्होल्ट असल्याने १२ सुरक्षित आहेत. टीसी४४२७ सारखी गेट ड्रायव्हर आयसी १२ व्होल्टवर चालते आणि तिच्या इनपुटला २.४ व्होल्ट पुरेसे असतात, त्यामुळे ईएसपी३२ ची पिन तिला थेट जोडता येते. बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर आणि ४.७ किलोओहमचा, गेटला १२ व्होल्टकडे वर ओढणारा रेझिस्टर एवढ्यातही काम भागते, पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली, तर्क उलटा होतो : कंट्रोलर सुरू होत असताना किंवा त्याची वीज गेलेली असताना बीसी५४७ बंद राहतो, गेट १२ व्होल्टला जाते आणि पंप आपणहून सुरू होतो. पाण्याच्या टाकीशी संबंधित कामात हे परवडणारे नाही. त्यासाठी आणखी एक बीसी५४७ घालून तर्क पुन्हा सुलटा करावा लागतो. दुसरी उणीव वेगाची. गेट भरायला कमाल ६३ नॅनोकूलंब प्रभार लागतो आणि ४.७ किलोओहममधून तो येण्यास काही दशक मायक्रोसेकंद जातात. नुसते चालू-बंद करायला किंवा ५०० हर्ट्झच्या पीडब्ल्यूएमला (वेग किंवा उजेड कमी-जास्त करण्यासाठी भराभर चालू-बंद करण्याला) हे चालते. २० किलोहर्ट्झचा पूर्ण आवर्तकाळच ५० मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे तिथे मॉस्फेट बहुतेक वेळ अर्ध्या उघड्या अवस्थेत राहील आणि पुन्हा तापेल.

दुरुस्तीनंतर ड्रेन ते सोर्स माप पुन्हा घ्यावे. गेटवर १० व्होल्ट किंवा अधिक असूनही आयआरएफझेड४४एनवर १ अँपिअरला १७-१८ मिलिव्होल्टच्या जागी शंभराच्या पुढे आकडा येत असेल, आणि मीटरच्या तारा नगाच्या पायांनाच लावलेल्या असतील, तर मात्र नगावरचे छापील नाव आणि आतले सिलिकॉन जुळत नाही. फक्त अशा वेळी दुकान बदलावे.